करंजाड्याचे तिघे

कामोठ्याच्या क्लासमध्ये मी संभाव्यता शिकवते, त्यामुळे घरातली प्रत्येक शंका माझ्याच गळ्यात पडते. आईची शंका एकच होती. गुरुवारी बाबांना जाऊन वर्ष होतंय, तर सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमतील का? दहा झाल्याशिवाय मृतासाठीची कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही, आणि आमची अर्धी माणसं केव्हाच इस्रायलला गेलीत. ठाण्याच्या भाच्यांना बोलावू का, असं ती विचारत होती. थांब, आधी आकडे बघू, मी म्हटलं.

क्लास सुटल्यावर, घसा बसलेला असताना, बारा जणांना फोन केले. गेल्या वीस प्रार्थनांना किती वेळा आलात? नऊ जण विसाच्या वीस वेळा आले होते. निवृत्त माणसं, देव त्यांना सुखी ठेवो. करंजाड्याचे शालोमकाका, येहुदा आणि माझी मैत्रीण निरीत हिचा नवरा हे तिघे मात्र दहा-दहा वेळा. म्हणजे एकेकाची संभाव्यता निम्मी. तिघेही न येण्याची निम्म्याच्या निम्म्याची निम्मी, आठात एक. आपल्याला एकच जण हवा होता. ठाण्याला फोन करू नकोस, मी आईला सांगितलं. खरं तर मला त्या फोनाफोनीचाच वीट आला होता.

गुरुवारी नऊ जण आले. बाबांचे धाकटे भाऊ शमुएलकाका दारात उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले. शेवटी मी शालोमकाकांना फोन लावला. गाडी गॅरेजला होती, त्यांच्या गुडघ्याला रिक्षात चढणं जमत नव्हतं, आणि बाकीचे दोघे कामावर निघून गेले होते.

"अगं, ते दोघं माझ्याच गाडीतून येतात ना नेहमी," काका म्हणाले.

तिघांचे दहा दिवस तेच होते. एकाचं येणं दुसऱ्यावर अवलंबून असेल तर नुसता गुणाकार करू नये, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

शमुएलकाकांनी कद्दीश न म्हणताच पुस्तक मिटलं. मला फार लाज वाटली. मागच्या बायकांच्या बाकावर, जिथून पुरुषांच्या नुसत्या पाठी दिसतात, आईने माझ्या हातातली यादी घेतली, बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचली.

"यात तुझं नाव नाही."

"आई, दहात बायका धरत नाहीत."

"ते ठाऊक आहे मला. तू किती वेळा आलीस?"

"वीस," मी म्हटलं.