चांगल्या दातांचं गाव

झेलिकाच्या तोंडात लग्नाआधीपासून स्वतःचा एकही दात नव्हता, आणि त्याची तिला लाज नव्हती, उलट थोडी ऐटच होती. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या त्या किनाऱ्यावर लग्न ठरलं की बाप मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी करून द्यायचा. पुढे नवऱ्याच्या डोक्याला ताप नको.

तिच्या लेकीला, ओदीलला, मात्र कवळी नको होती. लग्न ऑगस्टमध्ये, होणारी सासू एदमे रोज आठवण करून देणारी, आणि पोरगी हट्टाला पेटलेली.

"आई, दोनच दाढा किडल्यात. भरून मिळतात त्या. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

पण भरणार कोण? गावात यायचा तो फिरता डॉक्टर, त्याला दात उपटण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणून पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर जेव्हा सांगितलं, की सरकारी माणसं मोठ्यांचे दात तपासायला येताहेत आणि किनाऱ्यावरच्या एका गावाला कायमचा दातांचा डॉक्टर मिळणार आहे, तेव्हा ओदीलने आईचा हात घट्ट धरला.

माणसं जमवायचं काम पाद्रीबाबांनी झेलिकावर सोपवलं. सरकारकडून काही मिळवायचं तर कसं, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मंत्री आला तेव्हा रस्त्याकडची घरं तेवढी रंगवली, दारुडे डोंगरापलीकडे धाडले, आणि वर्षाच्या आत बोटींना नवा धक्का मिळाला होता. झेलिकाने तेच केलं. धडधाकट दातांची माणसं हुडकून काढली, किडक्या दातांच्यांना घरी बसायला सांगितलं. ओदीलचा गाल तपासणीच्या दिवशी नेमका सुजलेला.

"तू नको येऊस," झेलिका म्हणाली. "तुझ्यासाठीच सांगतेय. असलं तोंड बघून ते आल्या पावली परत जातील."

एदमे नवी कवळी घासूनपुसून तपासणीला सभागृहात गेली. तपासनिसाने तिला दारातूनच वाटेला लावलं. दात नसलेल्यांची मोजणी नव्हती.

"मेल्याला हे दात दिसत नाहीत होय?" ती घरी येईपर्यंत धुसफुसत होती. "त्याच्या बायकोला नसतील असले."

जूनमध्ये निकाल आला. पाद्रीबाबांनी अभिमानाने सांगितलं, की सगळ्या किनाऱ्यात आपल्या गावाचे दात सर्वांत चांगले निघाले. लोक खूश झाले, कोणी टाळ्याही वाजवल्या. मग पाद्रीबाबा म्हणाले, की डॉक्टर अर्थातच नदीपलीकडच्या गावाला दिलाय, तिथे फार वाईट परिस्थिती आहे.

झेलिका तशीच त्यांच्यामागे गेली.

"बाबा, मी फक्त चांगलेच नेले होते. त्यांना कळवा ना."

"काय कळवू, झेलिका? गावाने फसवलं म्हणून?" ते थकल्या आवाजात म्हणाले. "आता डॉक्टरचं घरसुद्धा तिकडे बांधायला घेतलंय."

जुलैत फिरता डॉक्टर आला. स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्ची मांडली, एदमे शेजारी देखरेखीला बसली, आणि झेलिकाने लेकीचं डोकं मागून धरलं. दोन किडक्या दाढा निघाल्या. डॉक्टरने उजेडात तोंड पुन्हा नीट पाहिलं आणि हात थांबवला.

"बाकीचे दणकट आहेत हो. इतके चांगले दात मला फारसे बघायला मिळत नाहीत. ठेवू का?"

"ठेवून?" एदमे म्हणाली. "उद्या ते किडले की माझ्या पोराने कुठे पळायचं? विहीणबाई, तुम्हीच सांगा."

ओदीलला बोलता येत नव्हतं. तिने मान मागे टाकून आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, अजून आशा होती, आणि झेलिकाला तेच सोसवेना. यातला एखादा जरी दुखायला लागला, तरी तो भरून देणारं इथे कोणी येणार नव्हतं. ते तिच्यामुळेच.

"काढा," ती म्हणाली, आणि लेकीचं डोकं आणखी घट्ट धरलं.