तीनशेवा निरोगी माणूस

बायपोलर विकाराच्या जनुकांवर चाललेल्या त्या संशोधनात रुग्णांची टंचाई कधीच पडली नाही. टंचाई पडली ती निरोगी माणसांची. तुलनेसाठी तीनशे हवे होते, गाडी दोनशे नव्याण्णववर अडली होती आणि अहवाल सोमवारी जायचा होता.

"घरात कोणी धडधाकट नाही का?" साहेबांनी विचारलं. मुलाखती घेणाऱ्या चौघींपैकी तिघींनी आपापले नवरे, दीर, सासरे विज्ञानाला आधीच वाहून टाकले होते. उरली ती. तिने वडिलांना आणलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त देऊन मुलीसमोर ऐटीत बसले.

"सलग काही दिवस झोप अगदी कमी, तरी थकवा नाही, डोक्यात बेतांवर बेत, असं कधी झालंय?" हा प्रश्न तिने सहाशे लोकांना विचारला होता. घरात विचारायचं राहून गेलं होतं.

"झालंय की. स्वयंपाकघराची भिंत पाडली तेव्हा. नऊ दिवस डोळ्याला डोळा नाही. काय अंगात जोर होता, चिमे! तिथे नाट्यगृह काढणार होतो."

"आणि नंतर?"

"नंतर काय, चार महिने पडून. आंघोळसुद्धा नकोशी." ते थांबले. "जगणंही. हे आईला सांगू नकोस."

"असं किती वेळा?"

त्यांनी बोटं मोजली. "सहा. नाही, सात."

ती भिंत पुन्हा उभी राहिलीच नाही. आई वीस वर्षं पडद्याआड स्वयंपाक करत होती. या माणसाचं काहीतरी बिघडलंय, असं ती म्हणायची. अख्खं सासर म्हणायचं, बिघडलंय ते हिचंच. शेवटी आत्यांनी डॉक्टरकडे नेलं ते आईलाच. तेव्हापासून गोळ्या आईला चालू होत्या.

तिने खरं तेच लिहून फॉर्म साहेबांपुढे ठेवला.

"अगं, कधी उपचार घेतलेत का त्यांनी?"

"नाही."

"मग झालं तर. रुग्णांच्या गटात भरती बंद झालीय. निरोगी गटात एक कमी पडला, तर पुढच्या वर्षी प्रकल्प नाही. प्रकल्प नाही म्हणजे तूही नाहीस." साहेबांनी कोरा फॉर्म प्रेमाने पुढे सरकवला. "वडील आहेत तुझे. त्यांना कशाला वेडं ठरवतेस?"

तिने सात जागी 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

पंधरा दिवसांनी आभाराचं पत्र आलं, शिक्क्यासकट. त्यात 'निरोगी सहभागी' हे शब्द ठळक होते. बाबांनी ते स्वयंपाकघराच्या पडद्याला टाचलं, आईला येता-जाता दिसेल असं. मग टेप घेऊन ते पुन्हा बैठकीच्या भिंतीकडे वळले. चार दिवस पहाटेपासून ते ती भिंत मोजत होते, गुणगुणत.

आईने हात पुसून पत्र दोनदा वाचलं. "तपासलं कोणी?"

"तुझ्या लेकीने," बाबा भिंतीकडूनच म्हणाले.

आईने तिच्याकडे पाहिलं. "काहीच सापडलं नाही?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं." आईने पडदा बाजूला सारला, शेगडीजवळच्या डब्यातून आपली गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.