लुगड्याची सावली

आईचा जलदान विधी झाला, पाहुणे पांगले आणि न्हावऱ्याच्या घरात मी, हरिबामामा आणि बेंटमची तीन पिल्लं एवढेच उरलो.

बेंटम म्हणजे ठेंगण्या कोंबड्या, अंगाने कबुतराएवढ्या. बाबा दौंडला रेल्वेत होते. एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बंगल्यामागची जोडी बाबांनी पिशवीत घालून गावी आणली. बाबा गेल्यावरही आईने ती वीण टिकवली. एकाहून जास्त कोंबडे मात्र ती ठेवत नसे, एकमेकांची डोकी फोडत म्हणून. जास्तीचे ती बाजारातही नेत नसे. ज्या घरी कोंबड्या आहेत आणि कोंबडा नाही, असं घर शोधून स्वतः पोचवून यायची.

तिच्या शेवटच्या आजारात मुंगसाने खुराडं रिकामं केलं. ही तीन पिल्लं आईजवळ घरात होती म्हणून वाचली.

मला त्यातली एक तरी कोंबडी हवी होती. आईने दिलेले कोंबडे आजूबाजूच्या गावांत होतेच. कोंबडी हाताशी असली तर वीण पुढे गेली असती. दौंडला माझे घरमालक पोपटराव आधीच म्हणाले होते, "कोंबडी आणा बाई, अंडं आम्हालाबी द्या. पण कोंबडा न्हाई. माझी नाइट ड्युटी असती."

पिल्लं दोन महिन्यांची होती. रंग सोडला तर तीनही सारखीच दिसत; कोंबडा कोण, कोंबडी कोण, कळत नव्हतं.

"तुजी आई कशी वळखायची, ठावं हाय ना?" मामा म्हणाला.

ठाऊक होतं. आई पिल्लांवर पदर झटकन फेकल्यासारखा करायची. पिल्लांना वाटतं, घारीची सावली पडली. जे भुईला चिकटतं ती कोंबडी, मान ताठ करून उभा राहतो तो कोंबडा. लहानपणापासून मी तिला कधी चुकताना पाहिलं नव्हतं.

मामाने वलणीवरचं तिचं हिरवं लुगडं ओढलं.

"तेच कशाला, मामा?"

"मग काय तुज्या ओढणीला भितील व्हय ती? चिमणीबी भ्यायची न्हाई."

त्याने अंगणात पिल्लांवर लुगडं उडवलं. काळी दोन पिल्लं मातीला चपटी झाली. तिसरं, बदामी रंगाचं, मान उंच करून उभं राहिलं. उलट दोन पावलं पुढे, लुगड्याखालीच आलं.

"ह्यो बघ पैलवान," मामा म्हणाला, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा हसला. "तुराबी लाल धरतोय."

मीही हसले. दोन कोंबड्या मिळाल्या होत्या.

बदामी पिल्लू मी इनामगावला सोजराबाईंकडे पोचवलं. त्या आईच्या जुन्या मैत्रीण, माझ्या मावशीच. त्यांचा कोंबडा रोगाने मेला होता.

"कापायचा नाही हं मावशी."

"ह्याला कापून कुणाच्या दाढंला लागायचाय?"

काळी दोन मी दौंडला आणली आणि मागच्या मोरीशेजारी खोक्यात ठेवली. आईचं लुगडंही आणलं. शाळेतून आले की त्यांच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते इथे लिहीत नाही.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी मोरीतून पत्रा घासल्यासारखा आवाज आला. पोपटराव जिन्यातून म्हणाले, "बाई, तुमच्या कोंबडीला सर्दी झालीया का?"

मी म्हणाले, "एकच कोंबडा निघालाय. घर बघते त्याला."

मग दुसऱ्यावर सगळी भिस्त. लायब्ररीतल्या एका पुस्तकात होतं, कोंबड्याची पाठीवरची पिसं टोकदार असतात, कोंबडीची गोलसर. मी त्याला मांडीवर घेऊन शेपटीजवळची पिसं चाचपली. टोकदार लागली. अजून लहान आहे, बदलतील, असं मी ठरवलं. भर पावसाळ्यात तेही आरवलं.

तेव्हा कुठे मला तिसरं आठवलं. दबलेले दोन कोंबडे निघाले, तर उभं राहिलेलं कोण? पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने मी इनामगाव गाठलं. सोबत रिकामी टोपली होती.

सोजराबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या.

"ये करुणा. कोंबडा बघाया आलीस व्हय?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगं, कसला कोंबडा दिलास तू. बांग न्हाई, कोंबड्यांच्या मागं न्हाई, निस्ता माज्या मागं. लुगडं वाळत घातलं की त्याच्याखाली जाऊन बसायचा. आमचा साहेबराव म्हणायचा, आये, तुला नवा दादला मिळाला."

"कुठे आहे?"

त्यांनी सुपातला खडा वेचून टाकला.

"आखाडात साहेबरावचे पाव्हणे आले. म्या नको म्हणलं व्हतं, पोरी. तो म्हणला, ना बांग ना काय, ठिवून करायचं काय." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "पोट फाडलं तर आत अंड्यांची माळ. बारक्या मण्यांपासून मोठ्यापत्तुर. एकानं तर कवच धरलं व्हतं. मला घास न्हाई गेला."

मी ओट्यावर बसले. त्यांनी पाणी दिलं, मी प्यायले.

मुंगसाने पिल्लांची कोंबडी नेली तेव्हा तिघांत बदामी पिल्लूच सगळ्यांत अशक्त होतं. आई खाटेवर पडून असायची. मी रविवारी गेले की पदराचं टोक उचलून त्याची चोच दाखवायची. "उबीला ठिवलंय," म्हणायची. तेच हिरवं लुगडं. त्या पिल्लाला त्याची सावली घारीची कशी वाटावी?

आईने त्याच्यावर पदर फेकलाच नसता. मामाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते मला.

निघताना सोजराबाई म्हणाल्या, "तुज्याकडचा एक दे की आता आमाला. खरा कोंबडा."

"देईन," मी म्हणाले.

दौंडला पोचले तेव्हा अजून ऊन होतं. ट्रंकेतून लुगडं काढलं आणि मोरीशेजारी त्या दोघांवर उडवलं. एवढे तुरेवाले कोंबडे, दोघंही फरशीला चिकटले. मी लुगडं तसंच हातात धरून उभी राहिले. त्याच्याखाली चालत यायला आता कुणी नव्हतं.

"बाई," पोपटराव खालून म्हणाले, "कवा न्हेणार?"

"उद्या," मी म्हणाले. "दोन्ही."