नाडी पाहणारा दांडका

मित्रांनो, मी एक जुना दांडका आहे. हसू नका! कागदाच्या गिरणीतून माझ्या परवानगीशिवाय एकही रीळ बाहेर जात नसे.

मूळचा मी हातोड्याची मूठ. हातोडा मोडला तेव्हा वैद्यकाकांनी मला तासून गुळगुळीत केलं. काका काही खरे वैद्य नव्हेत. माणसाएवढ्या उंच रिळावर ते मला टकटक वाजवत आणि नुसत्या आवाजावरून कागद कुठे घट्ट बसलाय, कुठे सैल, ते सांगत. म्हणून ते वैद्य. एकोणतीस वर्षं आम्ही जोडीनं काढली.

एके दिवशी गिरणीचे साहेब हातात वही घेऊन आले. त्यांनी काकांसाठी स्वतः खुर्ची ओढली. "काका, तुमच्यासारखा कान कुणाचाच नाही. जरा सांगा ना, कसं ओळखता?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत ज्यांनी साधं 'बरे आहात ना' विचारलं नाही, ते आज खुर्ची ओढतात? पाणी कुठेतरी मुरत होतं. काका मात्र हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. डागी ताव वेगळे काढणाऱ्या मावशींनी बजावलं, "फार गोड बोलतोय हो. जपून!"

"अगं, मान देतोय माणूस! तुला सगळ्यात काळंबेरंच दिसतं."

तीन आठवडे साहेबांनी आमचा एकेक ठोका टिपून घेतला. दमट हवेत माझा आवाज बसतो, म्हणून काका मला आधी गरम नळीवर शेकत. तेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं! मी मुद्दाम दोनदा हातातून निसटलो. काका म्हणाले, "म्हातारा झालास रे!"

मग यंत्रावर एक पेटी बसली. ती आपली आपणच रिळांवर ठोके देऊन घट्ट-सैल सांगू लागली. पुढच्याच सोमवारी कमी केलेल्या कामगारांची यादी लागली. पहिलं नाव काकांचं.

"मीच शिकवलं की रे तिला," ते मला म्हणाले आणि माझ्यावर कपाळ टेकून रडले. मला घरी न्यायलाही त्यांना परवानगी मिळाली नाही. मी गिरणीची मालमत्ता ना!

आता मी साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात असतो. मला रोज पुसतात. मित्रांनो, माझी कसली काळजी घेतात? ज्या हातांनी मला वाजवलं, त्यांची घ्यायची होती.

आज साहेबांनी पुन्हा खुर्ची ओढली. मावशी बसल्या.

"मावशी, तुमच्यासारखी बोटं कुणाचीच नाहीत. डाग न बघता कसा कळतो?"

मावशींनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सांगते की. पण साहेब, सगळं सांगून झालं, की मी कुठे असेन ते आधी वहीत लिहा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.