शालन मॅडमचा विभाग

मित्रांनो, मी निपाणीच्या एका कॉलेजातला जुना माईक आहे. पत्रकारिता विभागाचं कपाट हेच माझं घर. मी नवाकोरा इथे आलो तेव्हा वर्गात चाळीस मुलं होती. मग दरवर्षी ती कमी होत गेली आणि शेवटी तीन उरली. माझ्या जाळीवर धूळ बसली. विभाग बंद करायचं पत्रही तयार झालं.

त्याच जूनमध्ये शालन मॅडम आल्या. चिकोडीकडच्या शेतकरी घरातल्या. मराठी, कन्नड दोन्ही सफाईनं बोलायच्या. नेमणूक तात्पुरती, तरी विभागप्रमुखाचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

प्राचार्य मारुतीराव म्हणाले, "मॅडम, तीन पोरांवर विभाग चालत न्हाय."

"दोन वर्षं द्या, सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला ओढणीनं पुसलं.

मग त्या मुलांना घेऊन गल्ल्यांमधून, खेड्यांमधून हिंडल्या. एकदा बिडी वळणाऱ्या यशोदाबाईंपुढे त्यांनी मला धरलं.

"आमचं काय ऐकायचं गं? मला न्हाय बोलाय येत."

"आक्का, हात चालू ठेवा. बोलणं आपोआप येतंय."

यशोदाबाई तासभर बोलल्या. कॉलेजच्या सभागृहात ते ऐकवलं, तेव्हा त्या पहिल्या रांगेत बसून स्वतःचाच आवाज ऐकत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. दर शनिवारी मुलं माझ्यासमोर दोन्ही भाषांत बातम्या वाचू लागली. मॅडम घरोघर जाऊन आईबापांना भेटल्या. तिसऱ्या वर्षी वर्गात अडतीस मुलं बसली. त्या धावपळीत मॅडमची पीएच.डी. मात्र अर्धीच राहिली.

विभाग भरला, म्हणून कायम जागा मंजूर झाली. त्या जागेला पीएच.डी. लागत होती. दुसऱ्या कुणाची तरी निवड झाली.

मारुतीराव खाली मान घालून म्हणाले, "नियमापुढं माझं काय चालत न्हाय, मॅडम."

"विभाग वाचला न्हवं, सर? मग झालं."

आवाज स्थिर होता. पण माझी वायर त्यांनी तीनदा गुंडाळली आणि तीनदा सोडली, ते फक्त मला कळलं. मला कपाटात ठेवून त्या बाहेर पडल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

नवे सर चांगले आहेत. विभाग जोरात चालला आहे. गेल्या वर्षी दाराशेजारी आजवरच्या विभागप्रमुखांचा फलक लागला. मॅडमची विद्यार्थिनी प्रिया तो बघायला आली. तिनं फलक दोनदा वाचला आणि मारुतीरावांना विचारलं,

"सर, शालन मॅडमचं नाव न्हाय?"

"त्या तात्पुरत्या होत्या गं," मारुतीराव हळूच म्हणाले.

प्रियानं फलक तिसऱ्यांदा वाचला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू पुसून ठेवा, नीट वापरा. पण त्याहून माणसं जपा. तुमच्या शाळेत, कॉलेजात कुणी असं राबत असेल, तर ते समोर आहेत तोवरच त्यांचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या, त्यांना ऐकू जाईल असं.