मनोऱ्याची डावी बाजू

मित्रांनो, जुन्या स्टेशनचा पडलेला मनोरा पुन्हा बांधून झाला आणि तो चुकीच्या बाजूला झाला. एवढे सांगितले की खरे तर माझी गोष्ट संपते. पण उद्घाटनाच्या समारंभाला हजर असलेल्या एकानेही असे काही झाल्याचे मान्य केलेले नाही. तेव्हा मीही ते घडलेच नाही असे धरते आणि पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी दुधी काच आहे. तीन पायांच्या घोडीवर उभे राहणारे मोठे लाकडी कॅमेरे तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. पुढे भिंग, मध्ये घड्या घातलेला काळा भाता, आणि पाठीला मी. फोटो काढणारा माणूस डोक्यावर काळे कापड घेऊन माझ्यात बघतो. समोर जे असेल ते माझ्यावर उमटते. मनासारखे जमले की तो भिंग झाकतो, माझ्या जागी फोटोची प्लेट सरकवतो, भिंग उघडतो, आणि मी मेहनतीने धरून ठेवलेले चित्र ती प्लेट आयते घेऊन जाते. चौकट तिच्या फोटोला मिळते. मी पुन्हा कोरीच्या कोरी. याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, असे मी पन्नास वर्षे सांगत आले आहे.

माझा जन्मही जरा विचित्रच झाला. इतर काचांना चमक यावी म्हणून पुसतात. मला एका कारागिराने चमक जावी म्हणून बारीक भुकटीने तासन् तास घासले. तेव्हापासून आपल्या बाबतीत नक्की काय चालले आहे, ते मला नीटसे कळलेले नाही.

त्यात भर म्हणजे माझ्यावर पडणारे चित्र उलटे असते. वरचे खाली, डावे उजवीकडे. हे उलटे आहे, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे या शहराची जमीन वर होती आणि आकाश खाली. जुन्या व्हिक्टोरियन वळणाचे रस्ते मी तसेच पाहिले. लाल विटांचे पोस्ट ऑफिस वरून खाली लोंबत असे. ओतीव लोखंडाचे दिव्याचे खांब टोक खाली करून टांगलेले असत. गाड्या छताला धरून स्टेशनात येत आणि त्यांचा धूर खाली सांडे. माणसे टोपी खाली करून चालत आणि एकाचीही टोपी पडत नसे. ही शिस्त पाहून मला फार आदर वाटे.

माझ्यात बघणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत, कारण त्याची भाची त्याला मामा म्हणे आणि तिचा आवाज मोठा होता. मामांनी या शहराची स्टेशने, कमानी, जिने, लोखंडी कठडे, सगळे माझ्यातून पाहिले. इतके पाहिले, की माझा रोग त्यांना लागला. कापडाबाहेर आले तरी ते डाव्याला उजवे म्हणत. एकदा दवाखान्याचा रस्ता विचारणारा माणूस त्यांच्या सांगण्यावरून नदीवर पोचला आणि, मामा म्हणत, तिथे त्याला बरे वाटले. घरच्यांना सवय झाली होती. मामा डावीकडे म्हणाले की मुकाट्याने उजवीकडे वळायचे. भाची हे पाच वर्षांची असताना शिकली. आकडे ती त्यानंतर शिकली.

मामी जुन्या स्टेशनवर तिकिटे देत. स्टेशनच्या दर्शनी भागात मधोमध मोठी कमान, कमानीवर घड्याळ, आणि एकाच बाजूला उंच मनोरा. मनोऱ्याच्या पायथ्याशी, कमानीकडे तोंड करून, मामींची खिडकी. एके दिवशी मामांनी तिथे घोडी रोवली आणि मामींना खिडकीबाहेर येऊन उभे राहायला सांगितले. भिंग आठ सेकंद उघडे राहणार होते. चौथ्या सेकंदाला कोणीतरी तिकीट मागितले आणि मामी आत गेल्या. म्हणून त्या फोटोत मामी म्हणजे एक पांढरट डाग आहे. मामांना तो आपला सर्वांत चांगला फोटो वाटे. त्याची एकच प्रत काढली, ती मामींनी खिडकीच्या आत लावली.

पुढे मामी निवृत्त झाल्या, मग गेल्या. पुढच्याच वर्षी वादळात मनोरा पडला, त्यात प्रतही गेली. मामांचे गुडघे गेले आणि कॅमेरा गाद्यांच्या कपाटावर गेला. बारा वर्षे मी चादरींच्या मागे होते. चादर सुलटी आहे का उलटी, हे माझ्यासारखीलासुद्धा सांगता येत नाही.

मला खाली काढले ते भाचीने. ती वाचनालयात काम करते. सुट्टीच्या दिवशी मामांचा एखादा जुना फोटो हातात धरून ती शहरात फिरे आणि नेमक्या त्याच जागी उभी राहून बघे, की काय उरले आहे. परत आली की मामांना सगळे सांगे. पोस्ट ऑफिसात आता चपलांचे दुकान आहे. दारावरचा दगडी सिंह शाबूत आहे, पण त्याच्या जबड्यातून कोणीतरी एसीची नळी काढली आहे, त्यामुळे तो उन्हाळाभर लाळ गाळतो. मामा ऐकत, हसत आणि शेवटी एकच विचारत, की स्टेशनचे काय.

स्टेशनचे असे झाले, की त्याची डागडुजी निघाली आणि मनोराही पुन्हा उभा करायचे ठरले. मामांनी भाचीकडून एकच गोष्ट मागून घेतली. मामींची खिडकी होती तिथेच व्हायला हवी आणि मामांना ती एकदा बघायला मिळायला हवी. भाचीने शब्द दिला.

अडचण एवढीच होती, की मनोरा कोणत्या बाजूला होता हे कोणालाच सांगता येईना. कामाचे नकाशे करणारे साहेब भले होते आणि त्यांना झोप लागत नव्हती. पाया खणला तर तो दोन्हीकडे निघाला, कारण मुळात दोन मनोरे ठरले होते आणि एकच झाला. म्हाताऱ्या प्रवाशांना विचारले. गाडी पकडायला येणारे म्हणाले डावीकडे, गाडीतून उतरणारे म्हणाले उजवीकडे. कोण पकडत होते आणि कोण उतरत होते, हे लिहून घ्यायचे राहिले.

मग सापडली मामींच्या त्या फोटोची प्लेट. पण प्लेट काचेची. या बाजूने धरली की मनोरा डावीकडे, उलटून धरली की उजवीकडे. चित्राचा लेप असलेली बाजू हाताला खरखरीत लागते म्हणतात, पण मामांनी या एका प्लेटला जपायचे म्हणून दोन्हीकडून वार्निश लावले होते. स्टेशनच्या नावाची पाटी फोटोच्या दिवशी रंगवायला उतरवलेली. घड्याळाला आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या, आणि वाजले होते बरोबर बारा. साहेबांनी प्लेट चार वेळा उलटली आणि पाणी मागितले.

शेवटी ते मामांच्या घरी आले. भाची मला टेबलावर ठेवून पुसत होती, म्हणून मी हे पाहिले. तेही सुलटे, त्यामुळे सगळी खोली पालथी झाल्यासारखी वाटली. साहेबांनी विचारले, स्टेशनकडे तोंड करून उभे राहिले तर मनोरा कुठे? मामांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. एरवी ते फटकन बोलत.

"डावीकडे," मामा म्हणाले.

भाची साहेबांना दारापर्यंत सोडायला गेली. जिन्यात तिने त्यांना हळूच समजावले, की मामांचे डावे म्हणजे उजवे असते, सगळ्या घराला माहीत आहे. साहेबांनी तसे लिहून घेतले. त्या रात्री ते झोपले म्हणतात.

मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मीही छातीठोकपणे उजवीकडेच सांगितले असते, आणि वर हेही, की त्याचे टोक खाली होते.

समारंभाच्या सकाळी मामांना खुर्चीतून नेले. कॅमेरा त्यांनी हट्टाने बरोबर घेतला. घोडी रोवली, मामा कापडाखाली शिरले आणि माझ्यात बघू लागले. मनोरा बांधला होता उजवीकडे. म्हणजे माझ्यात तो पडला डावीकडे.

"डावीकडे आहे," कापडाखालून मामांचा आवाज आला. "बरोबर आहे."

मित्रांनो, पन्नास वर्षांत माझ्यात कोणी इतके समाधानाने पाहिले नव्हते. मामा बाहेर आले तेव्हा त्यांना मनोरा उजवीकडे दिसला. पण असे उलटे त्यांना जन्मभर दिसत आले होते, म्हणून त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. खुर्ची खिडकीपाशी न्यायला सांगितली. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी हात ठेवला आणि काढला नाही.

"तापलाय," ते म्हणाले.

"ऊन आहे ना, मामा."

"सकाळी इथे सावली असायची. म्हणून तर ती सकाळची पाळी घ्यायची." त्यांनी कमानीकडे पाहिले, मग भाचीकडे. "तू माझं बोलणं उलटवलंस का गं?"

"नेहमीसारखं," भाची म्हणाली.

"त्या दिवशी मी सरळ बोललो होतो. आधी मनात उलटवलं, मग बोललो. म्हटलं, एवढी महत्त्वाची गोष्ट, आज तरी नीट सांगावी."

पलीकडे साहेब पाहुण्यांना पेढ्यासारखे काहीतरी वाटत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा निवांत दिसत होते. भाची म्हणाली, मी आत्ता जाऊन सांगते त्यांना. मामांनी तिचा हात धरला. काही सांगू नकोस, तो माणूस आत्ताच कुठे झोपायला लागलाय, असे म्हणाले. मग म्हणाले, "तुझी मामी असती तर तिला कळलं असतं. मी इतका वेळ कधी डोळे मिटून बसतो का?"

भाची रडायला लागली. मामांनी तिला कापड धरायला सांगितले. मग दोघेही त्या काळ्या कापडाखाली शिरले, गालाला गाल लावून, आणि माझ्यात बघत राहिले. तिथे मनोरा डावीकडे होता. खिडकी तिच्या जागी होती. सगळे वर टांगलेले होते, पण जागच्या जागी होते.

आता दर रविवारी ते मला तिथे नेतात. या शहरातला मनोरा फक्त माझ्यात बरोबर उभा आहे आणि मला चित्र धरून ठेवता येत नाही, हे कसे व्हायचे ते मला कळत नाही. मामांच्या गुडघ्यांवर आणखी किती रविवार निघतील, तेही मला माहीत नाही. म्हणून, मित्रांनो, मला पुसायचे झाले तर मऊ, कोरड्या फडक्याने, हलक्या हाताने पुसा. आणि एखादा माणूस एरवीपेक्षा सावकाश बोलला, तर त्याचे बोलणे आहे तसेच लिहून घ्या.

सबब, माननीय स्थापत्य विभागास नम्र विनंती, की मनोऱ्याचे बांधकाम पूर्ण झालेले असल्याने त्यास हात न लावता, उरलेले शहर, रस्ते, नदी व सकाळचे ऊन यांसह, डावीकडचे उजवीकडे करून मिळावे. काम चालू असताना नागरिकांनी जागच्या जागी उभे राहावे. येत्या रविवारच्या आत झाल्यास आभारी राहीन.

आपली विश्वासू,
दुधी काच