समुद्राकडची बाल्कनी

सिस्टरनी कापसाचा बोळा सुनेच्या भुवईवर दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तीन मिनिटं मोजली. रक्त थांबलं. जखम दोन सेंटिमीटरची, कडा सरळ, हाड शाबूत. फेकलेल्या कपाची कड लागली की असंच होतं.

"आई, बाल्कनी समुद्राकडची घेऊ, की स्वयंपाकघर मोठं असलेली जागा बघू?" बाहेरच्या खोलीतून मुलाने विचारलं. आवाजात नुसता लाड होता.

"तुला हवं ते बघ."

"अगं, तुम्हा दोघींसाठीच तर चाललंय सगळं! राणीसरकारांना विचार."

राणीसरकार ओट्याजवळच्या स्टुलावर मान मागे टाकून बसली होती. अर्ध्या तासापूर्वी ती एवढंच म्हणाली होती, की यंदा सुट्टीला नको जाऊ या. त्यावर आधी कप आला, मग तो स्वतः. केस धरून त्याने तिचं डोकं ओट्यावर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं नाही, कारण शेजारी दुधाचं पातेलं होतं, ते सांडलं असतं. मग त्याने हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. मारून झालं की तो असाच सहलींचे बेत आखत बसे.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. तीस वर्षं अपघात विभागात काढलेली बाई. हात इतका हलका, की टाक्यांचा वण शोधावा लागे. लग्नानंतर पहिल्यांदा सुनेचा ओठ फाटला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दवाखान्यात कशाला? चारचौघांत शोभा. मी आहे ना." आणि तेव्हापासून त्या होत्याच. दोन बरगड्या, एक करंगळी, कानामागचे पाच टाके. या सगळ्याचा एकही कागद कुठल्या दवाखान्यात नव्हता. 'सासूबाई फार करतात माझं,' असं सून माहेरी सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"अरे वा! गेल्या वर्षीचीच इमारत!" मुलगा ओरडला. "वरचा मजला मोकळा आहे. थांबा, मालकीणबाईंना फोनच लावतो."

आनंद वाटून घ्यायला तो फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरात आला. सुनेने खांदे आत ओढून घेतले.

"गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर तुम्हीच होतात ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो हो, आम्हीच! ओळखलंत की."

"मग माफ करा, तुम्हाला जागा देता येणार नाही. पाहुणे गेले की आमच्या साफसफाईच्या मावशी काय काय मोडलं ते लिहून ठेवतात. तुमच्या नावापुढे बाथरूमचं दार लिहिलंय."

तो हसला. "अहो, वारा! तुमचाच तो समुद्राचा वारा. धाडकन आपटलं."

"आतली कडी चौकटीतून उपटून आली होती. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला आतून कडी कोण लावतं?"

त्याच्या मानेवरची शीर वर आली. सिस्टरना ती शीर पाठ होती. त्याच्या वडिलांनाही ती तिथेच होती.

"बायको आत घसरून पडली होती. दार तोडावं लागलं."

"आत्ता तर वारा म्हणालात."

"तुम्ही काय पोलीस आहात का हो?" मग आवाज पुन्हा मधाचा झाला. "हे बघा, माझी आई होती बरोबर. नर्स आहे ती. तिच्यावर तरी विश्वास ठेवाल? आई, सांग बाईंना काय झालं होतं ते."

फोन सिस्टरच्या हनुवटीखाली आला. त्यांची बोटं सुनेच्या कपाळावर होती आणि बोटांखालची नाडी मिनिटाला एकशे तीसच्या घरात पळत होती.

त्या दिवशी त्या बाल्कनीत बसल्या होत्या. समुद्र छान दिसत होता. आत दारावर लाथा बसत होत्या, आणि त्या सगळं थांबायची वाट पाहत होत्या, कारण त्यांचं काम नंतर सुरू होई. थांबल्यावर त्या उठल्या होत्या, बादली घेतली होती.

"मी सगळं गार पाण्याने धुतलं होतं," सिस्टर फोनमध्ये म्हणाल्या. "गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. तरी राहिलं का कुठे?"



"बिजागरीच्या मागे," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही ठीक आहात ना तिकडे?"

फोन भिंतीवर फुटला. पुढचा गुद्दा सिस्टरच्या जबड्यावर बसला. मुलाने त्यांच्यावर आजवर हात टाकला नव्हता. एवढं वजन असेल अशी त्यांची कल्पना नव्हती. त्या फ्रिजवर आदळून खाली बसल्या. दाढ हलली होती.

"बघितलंस? बघितलंस मला काय करायला लावलंस ते?" तो ओरडत होता, आणि रडतही होता, आणि रडत रडतच त्याने आईच्या कुशीत लाथ घातली. "सख्खी आई तू माझी!"

दुसऱ्या लाथेसाठी पाय उचलला तेव्हा सुनेने ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे दोन्ही हातांनी धरून त्याच्या कानावर मारला. कात्री, चिमटा, पट्ट्या फरशीभर उडाल्या. तो वळला, तर तिने पुन्हा मारला, या वेळी कडेने. कान धरून तो गुडघ्यांवर आला. बोटांमधून रक्त यायला लागलं.

"आई," तो लहान आवाजात म्हणाला, "बघ ना गं किती लागलंय."

सिस्टरनी बघितलं. जखम वरवरची होती. त्या ओट्याला धरून उठल्या, सुनेचा दंड पकडला आणि दोघी होत्या तशा, अनवाणी, जिना उतरल्या.

अपघात विभागाच्या खिडकीत जुनाच कारकून होता. रविवार दुपारची गर्दी बेताची होती.

"अरेच्चा, सिस्टर! आज चक्क पेशंट?" मग त्याने दोघींचे चेहरे नीट पाहिले आणि आवाज खाली आणला. "काही हरकत नाही. घरचीच माणसं तुम्ही. कागद-बिगद राहू दे, सरळ आत जा. डॉक्टर बघतील गुपचूप."

सून आतल्या दाराकडे वळलीसुद्धा होती. सिस्टरनी तिचा दंड सोडला नाही.

"कागद कर," त्या म्हणाल्या. "दोन कर. आधी हिचा."

"सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं? कागद झाला की पोलिसांना कळवावं लागतं."

"तीस वर्षं मीच कळवत होते. लिही."

त्याने फॉर्म ओढला. "कसं लागलं?"

सुनेने सासूकडे पाहिलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मारलं."

"कुणी?"

ती थांबली. सात वर्षांत नवऱ्याचं नाव तिने असं कुणापुढे घेतलं नव्हतं.

सिस्टरनी मुलाचं पूर्ण नाव सांगितलं. तोंडात रक्त भरलं होतं, उच्चार नीट झाला नाही. कारकून पेन तसंच धरून बघत राहिला. त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, थुंकल्या, चूळ भरली. परत आल्या आणि नाव पुन्हा सांगितलं.